‘नुसतं पाहत राहा’ हे बुद्धांच्या नावावर खपवू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरणारा एक मजकूर आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: बुद्धांनी शिकवलेलं माइंडफुलनेस म्हणजे वर्तमान क्षणात राहणं. भूतकाळ विसरायचा. विचार आला तर त्याला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, नुसतं पाहायचं, बदलायला जायचं नाही. शील, म्हणजे सदाचाराचे नियम, वगैरेंची गरज नाही. श्वास पाहा, सात दिवसांत फळ मिळेल.

ही व्याख्या मुळात अमेरिकेतली. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. ‘हेतुपूर्वक, वर्तमान क्षणी, निवाडा न करता लक्ष देणं’ हे सूत्र तिथून जगभर गेलं. ताणतणावावर त्याचा उपयोग होत असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाली सुत्तांमधली, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या जुन्या पाली संग्रहातली, सम्यक स्मृती वेगळी आहे. माइंडफुलनेस हे त्याच ‘स्मृती’चं (पालीत ‘सति’) इंग्रजी भाषांतर.

‘भूतकाळ विसरा.’ संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात स्मृती-इंद्रियाची, म्हणजे स्मृतीच्या शक्तीची, व्याख्याच अशी येते की फार पूर्वी केलेलं आणि फार पूर्वी बोललेलंही ज्याला आठवतं, तो स्मृतिमान. मजकूर लिहिणारे बहुधा भद्देकरत्त सुत्तातल्या गाथेवर विसंबतात: गेल्याच्या मागे धावू नये, न आलेल्याची आस धरू नये. मागे धावणं म्हणजे काय, हे त्याच सुत्तात पुढे उलगडलं आहे. ‘माझं रूप असं होतं, माझी वेदना (सुखदुःखाची जाणीव) अशी होती’ म्हणत त्यात रमणं, म्हणजे मागे धावणं. आठवण ठेवण्याला कुणी मनाई केलेली नाही. शिवाय गाथेतली पुढची ओळ फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही: ‘अज्जेव किच्चमातप्पं, को जञ्ञा मरणं सुवे’. झटायचं ते आजच, उद्या मरण येणार नाही हे कुणी सांगावं? आपल्या मुलाला, राहुलाला, तर बुद्ध सांगतात की कोणतंही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावरही तपासून पाहा. देहाने किंवा वाचेने चूक झालेली आढळली तर जाणत्यापुढे कबूल कर आणि पुढे सांभाळ. मागचं विसरणाऱ्याला यातलं काय जमणार?

‘चांगलं-वाईट ठरवू नका.’ यात थोडं तथ्य आहे. स्मृतीचा अभ्यास सांगणाऱ्या सतिपट्ठान सुत्तातल्या चित्तानुपश्यनेत, म्हणजे चित्त पाहण्याच्या भागात, खरोखरच फक्त जाणायला सांगितलं आहे: चित्त सराग (आसक्त) असेल तर सराग, वीतराग (अनासक्त) असेल तर वीतराग. पण सुत्त तिथे संपत नाही. पुढे धम्मानुपश्यनेच्या भागात पाच नीवरणं, म्हणजे मनाचे अडथळे, येतात आणि प्रत्येकाबाबत पाच गोष्टी जाणायच्या असतात. कामच्छंद, म्हणजे विषयसुखाची ओढ, घ्या. तो आत्ता आहे, हे जाणणं. नाही, हे जाणणं. न उपजलेला कसा उपजतो, उपजलेला कसा सुटतो, आणि सुटलेला पुन्हा कसा उपजणार नाही. शेवटच्या तिन्ही गोष्टी कारणांच्या आहेत. काय सोडायचं आणि काय राखायचं हे ठरवल्याशिवाय त्या जाणताच येत नाहीत.

याचा सर्वांत नेमका खुलासा द्वेधावितक्क सुत्तात आहे. बोधी (ज्ञानप्राप्ती) होण्यापूर्वी आपण विचारांचे दोन ढीग केले, असं बुद्ध सांगतात. एकीकडे काम, व्यापाद (द्वेष) आणि विहिंसा (इजा करण्याची वृत्ती), दुसरीकडे त्यांच्या विरुद्धचे. मग गुराख्याची उपमा येते. पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात पिकं दाट उभी असतात, तेव्हा गुराखी काठी घेऊन गाईंना हाकतो, अडवतो, कारण एक गाय शेतात घुसली तरी दंड त्याच्या माथी. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात सगळं पीक गावात येऊन पडलेलं असतं. तेव्हा तो झाडाखाली बसतो आणि ‘या गाई आहेत’ एवढीच स्मृती ठेवली तरी त्याचं भागतं. म्हणजे नुसतं पाहणं आहे, पण ते सुगीनंतरचं. मजकुरातला सल्ला ऐकून उभ्या पिकात काठी टाकून बसलं, की ढोरं जायची तिथे जाणारच. राग, वासना आणि मत्सर दिवसेंदिवस ‘साक्षीभावाने’ पाहत बसलेली आणि त्यातच मुरत गेलेली माणसं याच जागी फसतात.

‘बदलायला जाऊ नका.’ मग श्वासावरच्या आनापानसति सुत्तातल्या सोळा पायऱ्यांचं काय करायचं? पहिल्या दोन पायऱ्यांत श्वास लांब की आखूड हे जाणायचं असतं. तिसरीपासून क्रियापदच बदलतं, ‘सिक्खति’ येतं, म्हणजे अभ्यास करतो. चौथीत देहसंस्कार (श्वासोच्छ्वास) शांत करायचा, दहावीत चित्त प्रसन्न करायचं, अकरावीत एकाग्र, बारावीत मोकळं. ही सगळी करण्याची कामं आहेत. वितक्कसंठान सुत्तात तर नको तो विचार हटवायचे पाच उपाय क्रमाने दिलेत: दुसरा कुशल विषय मनात धरणं, त्या विचारातला धोका पाहणं, त्याकडे दुर्लक्ष करणं, त्याचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवणं आणि यातलं काहीच चाललं नाही तर दातावर दात, जीभ टाळूला लावून मनाने मन दाबणं. पाचवा उपाय अखेरचा आहे. तो पहिल्यालाच वापरला की डोकं दुखण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

मात्राही पाहावी लागते. मन सुस्त असताना प्रश्रब्धी (शांतता), समाधी, उपेक्षा (समतोल) वाढवणं म्हणजे विझत्या आगीवर ओलं गवत टाकणं, असं संयुत्त निकायातल्या बोज्झंग संयुत्तात, म्हणजे बोधीच्या सात अंगांवरच्या भागात, आहे. तेव्हा धम्मविचय (धर्माचा शोध), वीर्य (प्रयत्न) आणि प्रीती (आनंद) हवी. मन चळलेलं असेल तर नेमकं उलट. स्मृती मात्र दोन्ही वेळी लागते, कारण मन आत्ता कुठल्या बाजूला कललंय हे कळल्याखेरीज औषध निवडता येत नाही.

इथे हटकून सोपाऱ्याच्या बाहियाचा दाखला दिला जातो. आपल्या नालासोपाऱ्याजवळचं प्राचीन सुप्पारक, तिथला हा तपस्वी श्रावस्तीपर्यंत गेला आणि त्याला उपदेश मिळाला: ‘दिट्ठे दिट्ठमत्तं’, पाहिलेल्यात फक्त पाहिलेलंच असू दे. पण हाच उपदेश वृद्ध मालुक्यपुत्तालाही मिळाला आणि त्याने त्याचा अर्थ बुद्धांपुढेच मांडून दाखवला. रूप पाहून त्यातलं प्रिय निमित्त (आवडलेली खूण) मनात घोळवलं, की स्मृती हरवते आणि आसक्त मन त्याला चिकटून बसतं. म्हणजे ही मनाची राखण आहे. बुद्धांनी त्याला दुजोरा दिला.

‘शीलाची गरज नाही.’ संयुत्त निकायातच एक भिक्षू थोडक्यात उपदेश मागतो. उत्तर मिळतं की आधी कुशल धर्मांची सुरुवात शुद्ध कर, म्हणजे शुद्ध शील आणि सरळ दृष्टी. त्यांच्या आधाराने मग चार स्मृतिप्रस्थानं, म्हणजे देह, वेदना, चित्त आणि धर्म यांवर स्मृती ठेवण्याचा अभ्यास. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिल्याच संध्याकाळी पंचशील देतात, ते उगाच नव्हे.

राहिले सात दिवस. सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी मोजणी सात वर्षांपासून सुरू होते आणि उतरत उतरत सात दिवसांवर येते. फळ सांगितलंय ते अर्हत्त्व (पूर्ण मुक्ती) किंवा अनागामिता (त्याच्या आधीची पायरी). शांत झोपेचा उल्लेख नाही. अटही आहे: चारही स्मृतिप्रस्थानं सांगितल्या रीतीने केली तर. त्यातल्या एकट्या देहाचे चौदा विभाग आहेत आणि श्वास हा त्यांतला फक्त पहिला.