गरोदरपणात रोज १०,००० पावलं? असा नियम नाही

"गरोदर बाईने रोज १०,००० पावलं चाललीच पाहिजेत, नाहीतर सिझेरियन ठरलेलं," असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राबरोबर रूढ झाला. गरोदरपणाशी त्याचा संबंध नाही. वैद्यकीय अडचण नसेल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतं. आणि बाळ पायाळू असेल, वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली असेल, तर सिझेरियन का झालं याचा दोष पावलांना कसा द्यायचा?

माझी भाची सातव्या महिन्यात रात्री साडेदहाला गॅलरीत येरझाऱ्या घालत होती. सुजलेल्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ, आणि मोबाईलवर बाराशे पावलं बाकी. हाताला धरून बसवलं तिला. आता सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी जमलं तर पंधरा, एवढंच ठरलंय.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं यातलं काहीही जाणवलं तर चालणं तिथंच थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.