‘पोलिसांचे हात सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमध्ये सोसायट्यांच्या आणि शाळेतल्या जुन्या बॅचच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शब्द बदलतात, सार तेच राहतं: ‘पोलिसांना मोकळा हात द्या. तक्रार प्राधिकरणं, ठाण्यातले कॅमेरे, देखरेख समित्या यांनी त्यांचे हात बांधलेत, म्हणून गुंड माजलेत. सज्जनाला पोलिसांची भीती नसतेच. देखरेख हवी असेल तर शांतता समित्या आहेत. नगरसेवकांच्या हाती पोलीस द्यायचे का? आणि कुंभमेळा तोंडावर आहे.’ शेवटी ठरलेली ओळ, ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. ऑक्टोबर 2025 मध्ये पकडलेल्या लोकांकडून कॅमेऱ्यासमोर हीच ओळ म्हणवून घेतल्याचे व्हिडिओ राज्यभर गाजले होते.

त्या व्हिडिओंवर लोक खूश का झाले, हे कळायला अवघड नाही. गल्लीत कोयते नाचवत कोणी आपल्या गाडीची काच फोडली, की माणूस घटनेची कलमं आठवत बसत नाही. पण मेसेजातले मुद्दे तपासून पाहायला हवेत.

‘देखरेखीमुळे गुंड सुटतात.’

गुंड सुटतात हे खरं. कशामुळे सुटतात, ते मेसेज सांगत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 प्रमाणे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. तिथे न्यायाधीशाच्या दयेचा प्रश्नच नसतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो तसाच ठेवला आहे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हटलेल्या वाक्याची कोर्टात किंमत शून्य. तिथे पंचनामा, साक्षीदार आणि जप्तीची साखळीच लागते.

तडीपारीचं पाहा. ग्रामीण भागात, म्हणजे निफाड, सिन्नर, मालेगावकडे, पोलीस प्रस्ताव देतात आणि आदेश महसूलचा अधिकारी काढतो, बहुतेक वेळा प्रांत. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 चा अधिकार पोलिसांकडेच आहे. प्रस्ताव ठाण्याचा, आदेश उपायुक्तांचा, खातं एकच. हात बांधलेले म्हणतात ते हेच का? उलट शहरात पोलिसांना गावापेक्षा जास्त मोकळीक आहे. तरीही घाईत काढलेले आदेश वर टिकत नाहीत. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्यातला एक तडीपारीचा आदेश रद्द केला. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, तेव्हा अधिकाऱ्याने समाधान कशावरून करून घेतलं ते आदेशात दिसलं पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आदेश निघण्याआधीच कोणी बारकाईने विचारणारं असतं, तर तो पुढे टिकला असता. गुंडाच्या वकिलाला ढिसाळ कागदासारखं दुसरं काही आवडत नाही.

‘तक्रार प्राधिकरण म्हणजे खोट्या तक्रारींचं दुकान.’

ज्याच्यावर एवढा राग, ते काय आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा एक होता. याचिका एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची होती, हे मेसेज लिहिणाऱ्याने लक्षात घ्यावं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी धरली. त्यामुळे नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांसाठी मिळून एक विभागीय प्राधिकरण. नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याच्या माणसाला निरीक्षकाविरुद्ध दाद मागायची असेल, तर कायद्यातली वाट त्याला पार विभागापर्यंत घेऊन जाते. दुकान एवढं लांब असलं, की गिऱ्हाइकांची झुंबड उडत नसते.

शिवाय कोणतीही कुरबूर तिथे चालत नाही. कायद्यात यादी दिली आहे: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार वा तसा प्रयत्न, रीतसर प्रक्रिया न पाळता अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर. यातल्या कशाची चौकशी होऊ नये असं वाटतं, ते मेसेजवाल्याने सांगावं. खोटी तक्रार करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 217 आहेच.

माझं म्हणणं वेगळंच आहे. हे प्राधिकरण फार बलवान असल्याची ओरड होते, प्रत्यक्षात ते दुबळं आहे. प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. आपल्या कायद्याने राज्य सरकारला कारणं लिहून अहवाल नाकारण्याची मुभा ठेवली.

‘सज्जनाला घाबरायचं कारण काय?’

नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण ठाण्यातून पळून गेला, असं पोलिसांनी सांगितलं. त्याचा जळालेला मृतदेह आंबोलीत सापडला आणि उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. तो सज्जन होता की नव्हता, हे ठरवायला कोर्ट होतं.

‘शांतता समित्या आहेत की.’

आहेत आणि त्यांचं मोलही आहे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पण हे सलोख्याचं काम झालं. शांतता समितीचे सदस्य पोलीस ठाणंच निवडतं. बैठक गणपती, ईद किंवा शिवजयंतीच्या आधी, ठाण्याच्या आवारात, चहा-बिस्किटांसह होते. ठाणेदाराने निवडलेली माणसं ठाणेदाराला जाब विचारतील, ही अपेक्षा त्यांच्यावरही अन्यायच करणारी आहे.

‘नगरसेवकांच्या हाती पोलीस देणार का?’

या मुद्द्यात दम आहे. स्थानिक पुढारी ठाण्यात फोन करून ‘आपला माणूस आहे’ सांगतात, हे कुणाला नवीन नाही. तो फोन चालतो कारण बदलीची टांगती तलवार असते. याच 2014 च्या दुरुस्तीत निरीक्षकाला एका जागी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा कालावधी आणि बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळं आली, ती नेमकी त्यासाठी. मुदतपूर्व बदलीला वाट ठेवलेली आहे, ती किती रुंद वापरली जाते याकडे लक्ष ठेवणं हासुद्धा देखरेखीचाच भाग. देखरेख नको म्हणणारा त्या प्रामाणिक निरीक्षकाचंही संरक्षण काढून घेतो.

लोकप्रतिनिधीला प्रत्यक्षात किती अधिकार आहे? 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, पुढचं-मागचं आवार सगळं त्यात यावं, आवाजही टिपला जावा आणि चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर जपलं जावं. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती: महसूल आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि शहरात महापौर वा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. चौघांत लोकांनी निवडलेला एकच माणूस. तो तपासात बोट घालू शकत नाही, कुणाला सोडा म्हणू शकत नाही. कॅमेरे चालू आहेत का आणि मानवी हक्कांचा भंग होऊनही न नोंदवलेलं काही चित्रणात आहे का, एवढंच समितीने पाहायचं.

आणि नाशिकमध्ये काय झालं? मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्याच महिन्यात जिल्हा परिषदेचीही. मग प्रशासक आले आणि वर्षानुवर्षं तेच राहिले. त्या काळात महापौर नव्हते, अध्यक्षही नव्हते. नगरसेवक पोलिसांना नाचवतील अशी भीती ज्या काळात पसरवली जात होती, त्याच काळात शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता.

‘कुंभमेळा तोंडावर असताना चौकश्या लावू नका.’

27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. न्यायमूर्ती रमणी आयोग बसला, पोलीस आणि प्रशासन दोघांनाही उत्तरं द्यावी लागली. 2015 च्या सिंहस्थात शाही मिरवणुकीचा मार्ग बदलला होता आणि नाशिकच्या पर्वण्या चेंगराचेंगरीविना पार पडल्या. 2027 ला राज्यभरातून बंदोबस्त येईल, त्यातल्या अनेकांना पंचवटीच्या गल्ल्या माहीत नसतील. त्यांच्याविरुद्ध कुणाची तक्रार असेल, तर ती कोणत्या ठाण्यात, कुणाकडे द्यायची, हे आयुक्तालयाने घाटावरच्या फलकांवर आधीच लिहून ठेवावं.