‘पुसा’ हे नाव अमेरिकेतून आलेले नाही

परवा भाच्याच्या स्पर्धा परीक्षेच्या वहीत ‘पुसा म्हणजे फिप्स ऑफ यूएसए’ अशी ओळ लाल शाईने अधोरेखित केलेली पाहिली. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या मजकुराचे म्हणणे असे की, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा’ हे नाव हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या नावातील ‘पी’ला ‘यूएसए’ जोडून तयार झाले, संस्था सर्वस्वी त्याच्या पैशातून उभी राहिली आणि दिल्लीतील आजची इमारत ही १९०५ सालचीच आहे. भाचा कृषी पदवीधर आहे आणि त्याच्या घरच्या शेतात पुसा ज्वाला मिरची होते. त्यालाही हे खरे वाटावे, याचे मला फार वाईट वाटले.

पुसा हे बिहारमधील बूढी गंडक नदीकाठचे, आज समस्तीपूर जिल्ह्यात असलेले गाव आहे, आणि ही संस्था मुळात तेथेच सुरू झाली. ईस्ट इंडिया कंपनीची घोडेपैदास तेथे चाले आणि १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य तिचा अधीक्षक म्हणून तेथे रुजू झाला. पुढे मानसरोवरापर्यंत जाऊन आलेला हा प्रवासी १८२५ साली मध्य आशियात मरण पावला. फिप्सचा जन्म १८३९ सालचा. ज्या गावात मूरक्रॉफ्टने नोकरी केली, त्या गावाला त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी जन्मलेल्या माणसाचे नाव कसे मिळेल? एवढी एक नोंद पाहिली असती, तर एका जुन्या गावाचे नाव परक्या देशाच्या आद्याक्षरांना बहाल करण्याची वेळ कोणावर आली नसती.

देणगीची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, हे मान्य करावे लागते. पोलादाच्या धंद्यात अँड्र्यू कार्नेगीचा भागीदार असलेल्या फिप्सने लॉर्ड कर्झनकडे ३०,००० पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार लाख रुपये दिले, आणि मुख्य इमारतीला ‘फिप्स प्रयोगशाळा’ हे नावही मिळाले. पण त्या देणगीचा काही भाग कुन्नूरच्या पाश्चर संस्थेकडे गेला, आणि पुसाची जमीन तर आधीपासूनच सरकारची होती. कर्झनने १ एप्रिल १९०५ रोजी कोनशिला बसवली ती सरकारी संस्थेची.

इमारतीविषयीचा दावा एका वाक्यात निकालात निघतो : लोक जिला ‘नौलखा’ म्हणत, ती मूळ वास्तू १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी झालेल्या भूकंपात निकामी झाली. नदीच्या गाळाने बनलेल्या त्या पट्ट्यात जमीन ठिकठिकाणी फाटून वाळू आणि पाणी वर आले होते, आणि तशा भूमीवर वीटकामाच्या अवजड भिंतींचा निभाव लागणे कठीणच होते. संस्था १९३६ साली दिल्लीत आली, ती नव्याने बांधलेल्या इमारतींत. येताना तिने गावाचे नाव सोबत आणले. गाव अर्थातच जागच्या जागी राहिले, आणि डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्रीय कृषी विद्यापीठ आजही तेथेच आहे. भाच्याच्या वहीत त्याचा उल्लेखही नव्हता.