बॉक्स बदलायच्या आधी गच्चीवरची वायर बघा की ओ

सोलापुरात कुणाचा टीव्ही बंद पडला की दोन वाक्यं ठरलेली. एक, सेट-टॉप बॉक्स गेला वाटतं. दोन, काल पाऊस आला होता ना. अरे आपल्याकडं पाऊस पडतो तरी किती, आणि तक्रारी तर भर एप्रिलमध्ये पण चालूच असतात!

माझं स्पष्ट मत आहे, बॉक्स बिचारा बहुतेक वेळा चांगला असतो, बिघाड वायरीत आणि जॉइंटमध्ये असतो. केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात आपलं सोलापूर होतं, ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. बॉक्स नवे आले, पण कितीतरी घरात गच्चीवरून आलेली वायर तीच जुनी, उन्हानं तडकलेली, मधे कुठंतरी पिळून टेप गुंडाळलेली. अॅनालॉगला, म्हणजे डिजिटलच्या आधीच्या केबलला, ते खपून जायचं, सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या आणि आपण मुंग्यांसकट मॅच बघायचो. डिजिटलमध्ये तसं नाही, सिग्नल थोडा खराब असला तरी बॉक्स आतल्या आत सावरून घेतो, चित्र एकदम स्वच्छ, आणि एका हद्दीच्या खाली गेला की चौकोन चौकोन, आवाज तुटक, मग काळा पडदा. वायर कधीपासून सडत असते पण आपल्याला कळतं एकदम शेवटी, म्हणून वाटतं काल तर चांगला चालत होता.

डिशवाल्यांचं अजून एक. डिशच्या तोंडाशी जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, असतो त्याला करंट बॉक्समधूनच त्याच वायरीनं जातो, काही चॅनलसाठी १३ व्होल्ट, काहींसाठी १८. वायरीच्या टोकाची पिन गंजली की वर १८ पोचतच नाहीत आणि अर्धे चॅनल गायब. माणूस म्हणतो पॅक संपला, रिचार्ज मारतो, तरी दिसंना झालंय! पॅकचा प्रश्न असेल तर स्क्रीनवर तसं लिहून येतं ओ, सिग्नल नाही हा मेसेज वेगळा, तेवढं तरी वाचा. (पॅकचा गोंधळ आपल्याकडं खरा आहेच, २०१९ पासून चॅनल निवडून घ्यायचे झाले आणि एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही लागतात म्हटल्यावर तयार पॅकात कुणाची तरी सिरियल राहतेच.)

आणि एका डिशवर साधा स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा) लावून दोन खोल्यात दोन बॉक्स चालवणाऱ्यांना तर हात जोडतो. एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, मग इकडं चॅनल बदललं की तिकडं चित्र जातं आणि घरात भांडण. त्याला दोन आउटपुटचा एलएनबी आणि दोन वेगळ्या वायरी, हाच सरळ उपाय.

शहराच्या पूर्व भागात, विडी घरकुल वसाहतीकडं पत्र्यापत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्र्या दिसतात, महिन्याचा खर्च नाही त्यामुळं मला तर ती योजना फार आवडते. तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे सोलापुरातून आग्नेयेला साधारण साठ अंश वर. छत्री दिसायला उभी दिसते पण प्रत्यक्षात बरीच वर बघत असते. त्यामुळं लांबच्या बिल्डिंगचा काही त्रास नाही, त्रास होतो जवळच्या कडुलिंबाचा, नंतर बसवलेल्या पाण्याच्या टाकीचा, नाहीतर समोर वाळत घातलेल्या ओल्या चादरीचा. हसू नका, ओलं कापड खरंच सिग्नल खातं.

मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काही दिवस ठरावीक वेळेला थोडी मिनिटं चित्र जातं, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं आलेला असतो. कुणाला फोन करू नका, आपोआप येतं.

बाकी वेळी बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या असतात त्या बघा. स्ट्रेंथ भरपूर पण क्वालिटी शून्य असेल तर बहुतेक छत्री हललीय, दोन्ही शून्य असतील तर आधी वायर, पिन, एलएनबी. हे माहीत असलं की बॉक्सच बदला म्हणणाऱ्याला निदान दोन प्रश्न तरी विचारता येतात. एका मेकॅनिकनं आमच्या शेजाऱ्यांना बॉक्सचे पैसे लावले आणि प्रत्यक्षात चित्र आलं ते नवीन पिन बसवल्यावर!

पत्र्यावर स्वतः चढू नका, माणूस बोलवा, त्याची मजुरी द्या, घासाघीस पण करू नका. फक्त आरजी-६ ची (डिश-केबलसाठीची वायर) अखंड वायर टाक म्हणा, मधे जॉइंट नको, आणि काढलेली जुनी पिन हातात मागून घ्या.