झिपची साडी आणि काकूंचा फॉरवर्ड

शनिवारी रात्री घरच्या ग्रुपवर काकूंनी एक फॉरवर्ड टाकला. वर मधुबालाचा कृष्णधवल फोटो, खाली पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात. मुद्दे असे: जुन्या नट्या साडी नेसायच्या, शिवलेल्या साडीची थेरं त्यांनी केली नाहीत. त्या अंगभर कपड्यांत असायच्या. रूप नैसर्गिक, केससुद्धा स्वतःचे. पाश्चात्त्यांची नक्कल नाही. आणि 'डिझायनर' हा प्रकारच तेव्हा नव्हता, सगळं घरच्या शिंप्याकडचं. तळाशी तात्पर्य, की आजच्या मुली रेट्रोच्या नावाखाली साडीची विटंबना करतात.

हे असलं रोज येतं आणि मी रोज न वाचता पुढे जाते. पण या वेळी माझ्या भाचीने वाचलं. घरातल्या लग्नात संगीतला साठच्या दशकाची थीम आहे आणि तिने मुमताजसारखी नारिंगी साडी झिप लावून शिवायला टाकली होती. सकाळी तिने शिंप्याला फोन करून काम थांबवलं. मला म्हणाली, "मावशी, जाऊ दे गं, उगाच काकूआजीला आवडणार नाही."

जाऊ दे कसं? जिच्यासारखी साडी शिवते म्हणून तू संस्कृती बुडवतेस, त्या मुमताजचीच साडी शिवलेली होती!

1968 चा 'ब्रह्मचारी'. शम्मी कपूरबरोबरचं ते पार्टीतलं गाणं यूट्यूबवर आहे, काकूंनी आवाज बंद करून फक्त साडी बघावी. कंबरेपासून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे काठ, अंगाला चापून बसलेले, घोटे उघडे. आणि त्यात बाई ट्विस्ट करते. पाच-साडेपाच मीटरचं सुटं कापड नुसतं खोचून एवढं नाचून दाखवा, दुसऱ्या कडव्याला निऱ्या हातात येतील. शिवाय शूटिंगमध्ये एकच ओळ दहादा नाचावी लागते आणि दर वेळी काठ त्याच जागी दिसावा लागतो, नाहीतर पडद्यावर साडी उड्या मारते. म्हणून भानू अथैया यांनी ती साडी आधीच बेतून शिवली आणि तिला झिप लावली. नेसायची भानगडच ठेवली नाही.

भानू अथैया म्हणजे कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकार. 'गांधी'साठी 1983 मध्ये ऑस्कर घेणाऱ्या पहिल्या भारतीय त्याच. तेव्हा 'डिझायनर नव्हतेच' हा मुद्दाही इथेच निकालात निघाला. 2010 साली त्यांचं वेशभूषेवरचं जाडजूड पुस्तक आलंय, माझ्याकडे आहे, काकूंना वाचायला देईन. परत मिळेल याची खात्री नाही, तरी देईन.

आणि शिवलेल्या साडीची एवढी चीड असेल, तर पाडव्याच्या शोभायात्रेतला काकूंचा फोटो ग्रुपवर अजून आहे. हिरवी नऊवारी, नथ, गॉगल. सुंदर दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. पण ती नऊवारी पायजम्यासारखी पाय घालून चढवलेली होती, मागचा काष्टासुद्धा शिवलेला. नाडी मीच बांधून दिली होती. त्यांचा खांदा आखडलेला, हात मागे जात नाही, मग शिवून घेतली तर बिघडलं काय? काहीच नाही. तेच मी भाचीबद्दल म्हणतेय.

'अंगभर कपडे' या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. हेलन नाचायची ती अंगाच्या रंगाच्या बॉडी स्टॉकिंगवर, म्हणजे उघडं दिसलं तरी झाकलेलं असायचं, एवढं मान्य. पण 1958 च्या 'दिल्ली का ठग'मध्ये नूतन पोहण्याच्या पोशाखात आहे. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1938 च्या मराठी चित्रपटात, मीनाक्षी शिरोडकर त्याच वेषात यमुनाजळी खेळायला बोलावत होत्या. त्या चित्रपटाचं नावही 'ब्रह्मचारी'च! लेखक आचार्य अत्रे. आता अत्र्यांना संस्कृती कोण शिकवणार?

नक्कल नाही म्हणे. साधना कट ऑड्रे हेपबर्नवरून घेतलेला होता. 1960 च्या 'लव्ह इन शिमला'साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचं रुंद कपाळ झाकायला ती झुलपं कापून घेतली, आणि मग गावोगावच्या मुली कपाळावर कात्री चालवू लागल्या. नैसर्गिक केसांचं काय सांगावं? त्या काळच्या डोंगराएवढ्या फुग्यांखाली काय काय भरलेलं असायचं! अंबाड्यात गंगावन तर आमची आजीही घालायची, तिने कुठे सिनेमात काम केलं?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, कुरकुरत का होईना. ते कपडे त्या-त्या बाईच्या मापाचे असायचे. वहीदाचा ब्लाउज वहीदालाच बसायचा. आज ऑनलाइन 'रेट्रो सेट' मागवला की फ्री साइज येतो, मुंढा कोपरापर्यंत लोंबतो, टक्स भलतीकडे, आणि शिफॉन म्हणून जे पाठवतात त्याला नुसता हात लावला तरी घाम फुटतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने 'मापाने शिवा' एवढंच लिहिलं असतं तर मी स्वतः दहा जणींना पाठवला असता. पण भाचीची साडी तर मापाचीच होती. भोसलेकाकांनी दोनदा ट्रायल घेतली होती.

आता भोसलेकाका म्हणतात, मधे दुसऱ्या लग्नाचं काम घेतलंय, आठवडाभर जमणार नाही. संगीत 21 तारखेला. काकू, तुमची नऊवारी कोणाकडे शिवली होती, तेवढा नंबर ग्रुपवर टाका. नारिंगी झिप मी आणून ठेवलीय.