अर्ज विचाराधीन असताना घ्यावयाची काळजी

देव न करो, पण उद्या घरदार, ढोरंवासरं टाकून रातोरात देश सोडायची पाळी तुमच्यावर आलीच, तर घाबरू नका. आसरा मागणाऱ्यांसाठी नियम आहेत. ते पाळले की झालं. मागच्या मंगळवारी एका दोस्तासोबत एका कचेरीच्या बाकावर अकरापासून साडेपाचपर्यंत बसून मी या शास्त्रात बऱ्यापैकी तयार झालो आहे. बाकाला पाय तीनच होते, चौथ्याच्या जागी जुन्या याद्यांचा गठ्ठा. एक जण उठला की बाकीच्यांनी तोल सांभाळायचा.

दोस्त तिबेटी. म्हणजे कागदावर. जन्म इकडचाच, गोंदिया जिल्ह्यात इटियाडोह धरणाजवळ गोठणगावच्या बाजूला 1972 मध्ये वसलेल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतला. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्र रात्र झाडीपट्टीची नाटकं बघतो आणि धानाच्या भावावरून माझ्यापेक्षा इरसाल शिव्या देतो. मुलीसाठी एक दाखला पाहिजे होता, तेवढंच काम.

तर पहिलं पथ्य: जन्म घेताना कॅलेंडर बघा. आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. दोस्ताची मोठी बहीण 1986 ची, ती भारतीय. हा 1988 चा, हा परदेशी. माय एक, सुईण एक, पाळणाही तोच. आता बहिणीनंही फार हुरळून जाऊ नये. 2017 मध्ये सरकारनं सांगितलं की पासपोर्ट पाहिजे असेल तर निर्वासिताची कागदपत्रं रद्द करून घ्या आणि वसाहतीत राहणं सोडा. म्हणजे मायबापाचं घर सुटलं की देश मिळतो.

पळून कुठं जायचं तेही आधी ठरवा. 1951 चा निर्वासितांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 1946 चा परकीय नागरिकांचा कायदा होता, 2025 च्या सप्टेंबरात त्याच्या जागी नवा आला. जीव मुठीत धरून डोंगर ओलांडलेली म्हातारी आणि ताडोब्यात वाघ बघायला आलेला गोरा, दोघंही कायद्याच्या लेखी एकाच रकान्यात. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ लोकांचं सरकार बघतं. अफगाणिस्तान, म्यानमारकडून आलेल्यांनी दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत नाव नोंदवायचं. तिथं एक कागद मिळतो, 'तुमचं प्रकरण विचाराधीन आहे' अशा अर्थाचा. तो जपून प्लास्टिकमध्ये ठेवा. पोरं मोठी होतात, कागद पिवळा पडतो.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत भूक लागू देऊ नका. ब्रिटनमध्ये अर्ज 12 महिने रखडला तरच काम करायची परवानगी मागता येते; मिळते असं नव्हे, मागता येते. या काळात कामाला हात लावला तर कायदा मोडला, नाही लावला तर फुकटे.

मायदेशी आई वारली तरी जाऊ नका. गेलात की अमेरिकेत, अर्ज तुम्हीच सोडून दिला, असं धरून चालतात.

मुलाखतीत तारीख चुकवू नका. बंदुकीचे आवाज ऐकू आले की आधी पंचांग काढा, मग पळा.

आता सगळ्यात मोठं पथ्य, पत्त्याचं. पत्ता बदलला की कळवायचं, हा नियम जगभर आहे. अमेरिकेत त्याला 10 दिवसांची मुदत. इथंही नोंदणी केलेल्या परकीयाला कळवावं लागतं. रास्तच आहे. माणूस कुठं राहतो ते सरकारला माहीत पाहिजे. माझ्या दोस्तानं हा नियम जन्मभर पाळला, कारण तो जागचा हललाच नाही. त्याच घरात, त्याच आंब्याखाली. तरी टेबलापलीकडच्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "आरसी? गाडीची नको, माणसाचं काही आणलं का?"

"माणसाचीच आहे साहेब," दोस्त म्हणाला. परकीय म्हणून नोंदणी झाल्याच्या दाखल्यालाही आरसीच म्हणतात.

"कोणत्या देशाचे?"

"गोठणगावचा आहो जी."

मागचे दोघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी वडिलांचा जुना कागद काढला, त्यावर जिल्हा भंडारा. दोस्ताच्या कागदावर जिल्हा गोंदिया. "स्थलांतर कधी केलं? कळवलं होतं का?" मी मध्ये पडलो. म्हटलं साहेब, 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हे लोक नाही हलले, जिल्हा हलला. साहेब म्हणाले, तुम्ही कोण? म्हटलं दोस्त. म्हणाले, दोस्ताचा रकाना नाही इथं. मग म्हणाले, जिल्हा हलला याचा पुरावा आणा. बाप्पा! त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर जिल्हा लिहिला होता! तो पुरावा चालत नाही, त्यावर शिक्का नाही. मग सर्व्हर गेला, मग लाइट गेली, मग साहेब गेले. साडेचारला आले तेव्हा म्हणाले, वडिलांनाच घेऊन या. वडील वारून नऊ वर्षं झाली, म्हटलं. तर म्हणाले, मग त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर जिल्हा कोणता आहे?

दोस्त तोंडातून ब्र न काढता खाली बघत होता. हेही एक पथ्य आहे. आवाज चढवायचा नाही. मी ओरडलो तर भांडखोर माणूस; तो ओरडला तर परदेशी माजला.

बाहेर चहाच्या टपरीवर रांगेतलाच एक भाऊ भेटला. वारसान फेरफारासाठी त्याची तिसरी खेप. सातबाऱ्यावर आजोबाच्या नावात एक काना जास्त पडला म्हणून हाल. साहेबांची आयमाय काढून झाल्यावर माझ्या दोस्ताकडं हनुवटी करून मला हळूच विचारतो, "पण हे लोक वापस कवा जाणार जी?"

अरे, कुठं वापस? ज्या कचेरीनं तुला एका कान्यासाठी दोन महिने पळवलं, तिनंच याला जन्मभर पळवलं आहे. तुम्ही एकाच बाकावर बसला होता. तो उठला तेव्हा तू पडू नये म्हणून त्यानं बाक धरला, ते दिसलं नाही तुला? हिवाळ्यात नागपुरात तिबेटी बाईशी स्वेटरसाठी पन्नास रुपयांवरून अर्धा तास घासाघीस करता, तिला मावशी म्हणता, आणि पिशवी हातात पडली की ती घुसखोर! गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडं पूर्व पाकिस्तानातून येऊन बसलेल्या बंगाली गावांतली नातवंडं आता तुमच्या पोरांच्या वर्गात आहेत, त्यांनाही अजून 'तुम्ही मूळचे कुठले' विचारता. मूळचे! स्वतःच्या आजोबाचं मूळ तुम्हाला तलाठ्याकडून काढून आणावं लागतं. लाज वाटू द्या जराशी.

दोस्तानं त्याच्याही चहाचे पैसे दिले. मी नको म्हटलं तरी दिले.

या मंगळवारी परत जायचं आहे. अर्ज मीच लिहून ठेवला आहे, दोन प्रतींत. विषय: आम्ही पत्ता बदललेला नसून जिल्हा बदलला असल्याबाबत.