गव्हाणीच्या फोटोवरच्या कॉमेंटला उत्तर

ताई, तुमची कॉमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, पण डोक्यात राग होता म्हणून सगळं खोडलं. आज नीट लिहितोय, जरा लांबेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उजनी धरणाचं पाणी उतरल्यावर वर आलेल्या एका जुन्या वाड्याच्या जोत्याचे आणि गोठ्याचे फोटो मी टाकले होते. त्यावर ताईंनी लिहिलं की माझी आजी त्याच पट्ट्यातली, लोक गाव 'सोडून गेले' नाहीत, त्यांना उठवलं, आणि तुम्ही पुण्याहून गाडी काढून येता, आमच्या पडक्या भिंती ब्लॅक अँड व्हाइट करून लाइक मिळवता, गावाचं साधं नावसुद्धा लिहीत नाही.

'सोडून गेले' हे चुकलंच माझं. कालच बदललं, आता तिथे 'उठवलेलं गाव' असं आहे. भीमेवरचं हे धरण १९८० ला पूर्ण झालं आणि राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ चा, म्हणजे कायदा आला तेव्हा धरणाचं काम कितीतरी पुढे गेलेलं. हे मला माहीत होतं तरी कॅप्शन लिहिताना हात सवयीनं 'सोडून गेले'वर गेला, कारण ऐकायला बरं वाटतं ते. आणि पुण्याचं म्हणाल तर आम्ही नुसते बघे नाही आहोत, आमच्या मुळामुठेचं घाण पाणी भीमेतून याच जलाशयात येऊन पडतं, त्यामुळे तिथे उभं राहिलं की मला पाहुण्यासारखं वाटतच नाही, देणेकऱ्यासारखं वाटतं.

पण लाइकसाठी जातो हे मात्र मान्य नाही. मी पहिल्यांदा भिगवणला गेलो तो सगळे जातात तसाच, रोहित पक्ष्यांसाठी. होडीवाल्यानंच लांबून ते जोतं दाखवलं. मग २०१९ च्या उन्हाळ्यात परत गेलो, २०२४ ला पुन्हा, दोन्ही वर्षी उजनी मायनसमध्ये खूप खाली गेली होती (अचल साठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, तोच ६३ टीएमसीच्या म्हणजे ६३ अब्ज घनफुटांच्या वर आहे, त्यातलं पाणी वापरायला लागलं की मायनस म्हणतात). दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून बघा, गोठ्याच्या भिंतीचे घडीव दगडाचे दोन थर या पाच वर्षांत गायब झालेत. लाकूडफाटा तर उठतानाच लोकांनी नेला, उरलाय फक्त दगड आणि तोही चाललाय. पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलं की कॅमेरे घेऊन रांग लागते, लागू दे, देऊळ आहेच तसं. पण गोठ्याकडे कोण वळतं सांगा ना? आणि त्या गावाचं पोट तर गोठ्यावर चालायचं.

ती गव्हाण बघितलीत ना तुम्ही, तिसरा फोटो. मी तिला आधी पाण्याचा हौद समजलो होतो. शेजारी गाळपेरीत, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात, कलिंगडं लावलेले एक आजोबा आले, त्यांनी काठावरून हात फिरवला आणि म्हणाले, इथं बैलाची मान घासायची बघा. खरंच, समोरची कड मधोमध खोलगट आणि गुळगुळीत, दोन्ही टोकांना मात्र छिन्नीच्या खुणा अजून खरखरीत लागतात हाताला. खाली दगडात दावं ओवायचं भोक, त्याच्या एकाच बाजूला दोरानं घासून पडलेली खाच, म्हणजे जनावर कायम त्याच बाजूला ओढायचं. आत वैरणीच्या जागी वाळलेला गाळ, शिंपले आणि एक मेलेली चिलापी. मी तिथे दोन तास बसलो, उन्हं चढली तेव्हाच उठलो.

ब्लॅक अँड व्हाइटचं तुम्ही बोललात ते मात्र लागलं मला, तुम्हाला वाटलं असेल त्याहून जास्त. दगडाचा पोत उठून दिसावा म्हणून रंग काढले होते मी, पण रंग काढले तेव्हा गोठ्याला चिकटून असलेलं कलिंगडाचं हिरवं रान पण गेलं, आणि फोटो बघणाऱ्याला वाटलं इथे आता कुणीच नाही. प्रत्यक्षात ते आजोबा धरणग्रस्तच, विहिरीच्या थारोळ्यावरून (मोटेचं पाणी पडायचं ती दगडी जागा) स्वतःच्या जुन्या वावराची हद्द ओळखतात आणि पाणी उतरलं की तिथेच येऊन पेरतात, जमीन आता सरकारची आहे तरी. शेती संपली असं माझ्या फोटोनं सांगितलं आणि ते खोटं आहे. आज संध्याकाळी तेच फोटो रंगीत टाकतो, जुनेही राहू देतो, म्हणजे तुम्ही काय म्हणालात ते पुढच्या माणसाला कळेल.

नावाचं असं, की मागे एका ठिकाणाचं लोकेशन दिलं होतं तर महिन्याभरात तिथे प्री-वेडिंगवाले पोचले आणि कुणीतरी गुप्तधनासाठी जोतं उकरलं. तेव्हापासून देत नाही. पण नाव न लिहिल्यानं गाव अजून एकदा पुसलं जातं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि हे मी एकट्यानं ठरवू नये असं वाटतं. आजींना विचाराल का? त्या म्हणाल्या लिहा तर गावाचं नाव लिहीन, रस्ता नाही सांगणार.

आणि पाचव्या फोटोत भिंतीतलं धान्य साठवायचं बळद दिसतंय, त्याच्या डावीकडे एक दिवळी आहे तिचा वरचा दगड कमानीसारखा कोरलेला आहे, तो आजींना झूम करून दाखवा, कुणाचं घर होतं ते त्या सांगू शकतील कदाचित. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तर त्यांना घेऊनच जाऊ, चालवणार नाही एवढं, पण होडी अगदी जोत्याच्या जवळ लागते, होडीवाल्याशी मी बोलून ठेवतो.